लेथवरचं कुंकू

शनिवार, २३ ऑक्टोबर १९९३, ट्रॉय

बाबांना इथे अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. साताऱ्यात चौतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, स्वस्थ कसा बसणार? "लेक मोटारींची ड्रॉइंगं काढते," असं अख्ख्या गल्लीला सांगून आलेत. आज विचारलं, "उद्या दसरा. तुझ्या ऑफिसात पूजा कशाची?" म्हटलं, कॉम्प्युटरची. ड्रॉइंगं काढायला नुकतेच आलेत ना! ड्रॉइंग बोर्डवाले आम्ही चौघंच उरलोय. साहेब म्हणतात, कोणालाही काढणार नाही. रोज म्हणतात, म्हणून जास्त धास्ती.

रविवार, २४ ऑक्टोबर

जुन्या कारखान्यांचं उघड्यावरचं म्युझियम. लोहारशाळा, करवतगिरणी, मग मशीन शॉप — पाटी : 'पणजोबांच्या काळची यंत्रं'.

बाबा लेथसमोर थबकले. "शुभे, अगं हा तर माझाच! चौऱ्याऐंशीपर्यंत चालवलाय." मी पाटी वाचतेय तोवर त्यांनी दोरी ओलांडून, खिशातली पुडी काढून लेथला कुंकू लावलंसुद्धा!

जुन्या वेषातला गाइड धावला. "सर, प्लीज, डोन्ट टच!" बाबा मराठीत, शांतपणे — "हात कुठे लावला? पाया पडलो."

माझी सलोनी दहा पावलं लांब. "मॉम, आय डोन्ट नो हिम." गाइडने फडक्याने कुंकू पुसलं. बाबांनी पुडी परत खिशात ठेवली. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचं जास्त वाईट वाटलं.

सोमवार, २५ ऑक्टोबर

डब्यासोबत बाबांनी पुडी दिली. "बोर्डाला लाव. तोच पोटाला घालतो." मी थट्टा केली. पण सगळे कॉफीला गेल्यावर बोट ओलं करून बोर्डाच्या खालच्या कडेला टिकली लावलीच. मी — देव न मानणारी! संध्याकाळी सांगितलं तर बाबा दोन पोळ्या जास्त जेवले.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

लावलं कुंकू, गेली नोकरी. चौघांचीही. बोर्ड कुठेतरी दान देणार म्हणे. बाबांना सांगायची हिंमत नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर

मी डबा घेऊन ऑफिसच्या वेळेवर निघाले. लायब्ररी नऊला उघडते.

रविवार, २७ मार्च १९९४

बाबा मंगळवारी परत जाणार. जाण्याआधी 'माझा लेथ' बघायचा हट्ट. लेथशेजारी नवीन वस्तू मांडलीय — माझा बोर्ड! पाटी : 'कडेला लाल डाग, कारण अज्ञात.'

बाबांनी पाटी वाचली नाही. वाकून टिकली बघितली. मग हळूच म्हणाले, "मग रोज डबा घेऊन जातेस कुठे?"