पंक्चरचं बटण

३ मार्च, मंगळवार

केबिनमध्ये आज स्क्रीन बसवली. गाडी दहा मिनिटांच्या वर थांबली की टुंग टुंग करते आणि विचारते— थांबण्याचं कारण? खाली पाच बटणं. वाहतूक कोंडी, माल चढ-उतार, डिझेल, शौचालय, पंक्चर. जेवण नाही. झोप तर नाहीच! काहीच दाबलं नाही तर ऑफिसातून फोन— "काका, गाडी का उभी आहे?" मुलगी गोड बोलते. तिचा काय दोष.

मला दुपारी जेवल्यावर वीस मिनिटं डोळा मिटावाच लागतो. सव्वीस वर्षं मिटतोय, म्हणून तर सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. साहेबांना सांगून पाहिलं. म्हणाले, "सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही." संपला विषय.

५ मार्च, गुरुवार

पंक्चर दाबलं. बाकीची कारणं ऑफिसात नकाशावर पडताळतात, आणि शौचालयाला पंधराच मिनिटं. कोणी हूं की चूं केलं नाही. मस्त झोपलो.

९ मार्च, सोमवार

आणखी एक जण सोडून गेला. किल्ली टेबलावर आपटली, "शिंकलो तरी फोन येतो" म्हणाला आणि चालू पडला. जानेवारीपासून सहा गेले. आता नोटीस लागली आहे— चालक का टिकत नाहीत, याबद्दलच्या सूचना पेटीत मोकळेपणाने टाकाव्यात. पेटीच्या बरोबर वर कॅमेरा!

गेलेल्याच्या जागी आलेला तीन दिवस माझ्या गाडीवर शिकणार. नवी नावं लक्षात ठेवणं मी कधीच सोडलंय. घरी सांगताना याला सातवा म्हणतो. पस्तिशीचा असेल. घरात नऊ महिन्यांची मुलगी, रात्रभर जागवते म्हणे. दुपारी माझा हात पंक्चरवर गेला तसा हसायला लागला. "काका, टायर तर ठणठणीत आहेत!"

म्हटलं, बघून ठेव. उपयोगी पडेल.

१२ मार्च, गुरुवार

सातवा आजपासून एकटा. त्यालाही पहिल्याच दिवशी पंक्चर.

१७ मार्च, मंगळवार

ऑफिसात बोलावणं आलं. साहेबांसमोर कागद— माझी दहा पंक्चर, सातव्याची चार. म्हटलं, भरले दिवस. तर साहेब म्हणतात, "काका, एवढा त्रास सोसत होतात, बोलायचं नाही का?" दोन्ही गाड्यांना झाडून सगळे टायर नवीन! संध्याकाळपर्यंत बसलेसुद्धा.

हिला सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मीही हसलो.

१८ मार्च, बुधवार

काल हसताना हे सुचलंच नाही— नव्याकोऱ्या टायरवर पंक्चर दाबायचं कसं? साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "आता एक जरी पंक्चर झालं तर मी स्वतः येऊन बघणार आणि टायरवाल्याला धरणार." म्हणजे धरला जाणार मी. खोटं बोलून गाडी उभी केली म्हणून काढतील. अजून तीन वर्षं काढायची आहेत. या वयात दुसरीकडे कोण स्टिअरिंगला हात लावू देणार?

आज झोपलो नाही. तोंडावर पाणी मारलं, मोठमोठ्याने गात गाडी हाकली. स्क्रीनवरचा कॅमेरा गाडी चालू असतानाच बघतो, त्याने नोंद केली— चालकाचे लक्ष विचलित.

संध्याकाळी यार्डात सातवा भेटला. थोडं बोलणं झालं.

१९ मार्च, गुरुवार

गाणी संपली. जिरे-बडीशेप चघळत राहिलो.

२० मार्च, शुक्रवार

सातव्याची गाडी दुपारी सव्वादोनला नाल्यात. सरळ रस्ता, कोरडा रस्ता, ब्रेक मारल्याची खूण नाही. जीव वाचला. डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

गाडी नाल्यात पडल्यावर बरोबर दहा मिनिटांनी ऑफिसातून फोन सुरू झाले. गाडी का उभी आहे? नऊ फोन. ती मुलगी आज टेबलावर डोकं ठेवून रडत होती.

२१ मार्च, शनिवार

हॉस्पिटलात जाऊन आलो. तो गुंगीत होता. बायको मुलीला कडेवर घेऊन दाराशी उभी. म्हणाली, "तुमचं फार नाव काढायचे हो, काका. तुम्ही सांगाल ते प्रमाण."

पाच मिनिटंही थांबलो नाही तिथे.

२३ मार्च, सोमवार

चौकशी. सगळे चालक भिंतीला टेकून उभे. साहेबांनी विचारलं, "झोप येत होती तर तो थांबला का नाही?"

मी म्हटलं, तुमच्या यादीत झोप नाही म्हणून! तोंडावर सांगितलं. टाळ्या पडल्या. उद्यापासून सहावं बटण येतंय— विश्रांती. एकेक जण येऊन पाठ थोपटून गेला. "काका, तुम्ही होतात म्हणून," म्हणाले.

ही म्हणते, जेवत का नाही?

२४ मार्च, मंगळवार

गेल्या बुधवारी यार्डात मीच सातव्याला सांगितलं— पंक्चर दाबू नकोस, साहेब बघायला आले तर कोणी शिकवलं ते निघेल. तो म्हणाला, "पण काका, झोप आवरत नाही हो." मी म्हटलं, चार दिवस कळ काढ.