लसूण आणि नवी एसएसडी

मानवत, रविवार, जेवणं झाल्यावर

आठवडाभर यांचं एकच चाललंय, घरच्या कम्प्युटरला कोणती एसएसडी घ्यावी, म्हणजे तो झटकन सुरू करणारी नवी डिस्क. मी म्हणत राहिले, जुनं हाय ते बरं हाय. खरं कारण कसं सांगू? तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की हे बटण दाबून सरळ स्वयंपाकघरात यायचे. लसूण सोलत दिवसभराचं सांगायचे. एरवी आले असते का?

आज सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं परभणीला गेले अन् एसएसडी बसवूनच आले. लहान, स्वस्तातली, पण वॉरंटी जास्त वर्षांची. म्हणाले, "फोटो जुन्या डिस्कवर ऱ्हातील, मग मोठी कशाला?" बटण दाबलं अन् लगेच सुरू! झालं, संपला आपला लसूण. मी एकटीच सोलायला बसले.

तर हे आलेच, पाट ओढून.

"अहो, सुरू झाला की तो. जावा तिकडं."

"लय वर्षं मी थांबलो त्याच्यासाठी. आता त्याला थांबू दे."

लसूण सोलून, वरणाला फोडणी देऊन दोघं बाहेर आलो, तर स्क्रीन काळी. वाट बघून बघून झोपला होता बिचारा.