वास पाण्याला होता

मी, चांगुणा सूर्यभान बऱ्हाटे, वय ७६, राहणार घोडेगाव, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके ठिकाणावर आहे.

मला मूलबाळ नाही. हा कागद केला नाही तर सगळे पुतण्या वैजनाथकडे जाईल. ते जाऊ नये.

१. सोड्याचे यंत्र. माझे यजमान बाजाराच्या दिवशी आले-लिंबाचा गोटीसोडा विकत. आले मी कुटायची, बाटल्या आमच्याकडे कामाला असलेली रोशनबी धुवायची. बैल विकून आलेला गडी अंगठ्याने गोटी आत दाबायचा, पहिल्याच घोटाला त्याच्या डोळ्यांत पाणी यायचे, तरी दुसरी बाटली मागायचा. त्या चवीची आठवण मलाही येते, खोटे कशाला लिहू? यंत्र मोडून भंगारात घालावे. वैजनाथला त्यातला एक नटसुद्धा मिळू नये.

२. विहीर. ही माझ्या व वैजनाथच्या सामाईक मालकीची आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, गोठ्याची मोरी विहिरीकडे वळवली. बाटल्या धुताना रोशनबीलाच पहिल्यांदा कळले. म्हणाली, "बाई, पान्याला घान वास येतोय." यजमानांनी पाणी हुंगले. मोरी दुसरीकडे वळवायला सांगितली, तर दीर म्हणाले, "ग्यास मारला की वास मरतो." यजमानांनी भरलेल्या सगळ्या बाटल्या ओतून दिल्या आणि पुन्हा यंत्राला हात लावला नाही.

आता वैजनाथने हायवेवर, बाजाराला लागूनच, दुकान थाटले आहे. 'सूर्यभान सोडा, आठवणीतली चव.' वर यजमानांचा हार घातलेला फोटो. कंपन्यांच्या बाटल्यांनी धंदा बुडवला, असे खाली छापले आहे. मी विचारले, "पानी कुठलं?"

"आपल्याच हिरीचं, काकू."

"आन् मोरी?"

"हाय तिथंच हाय. लोकं आठवन पित्यात, काकू. पानी कोन बघतंय?"

एक घोट घेतला आणि तिथेच थुंकले. शेजारी एक पँटवाला डोळे पुसत म्हणत होता, "आजी, हीच ती लहानपणची चव!" मला शिसारी आली. शेणमुताच्या पाण्यावर रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

फोटो खाली उतरवावा. विहिरीतला माझा हिस्सा रोशनबीला द्यावा. अर्धी विहीर बुजवता येत नाही, हे मला कळते. पण हिस्सेदार म्हणून तिने मोरीविरुद्ध तक्रार करावी. खर्चासाठी माझी बँकेतली ठेव तिचीच.

३. राहते घर. हेही रोशनबीला. का, ते लिहिताना स्वतःचीच किळस येते.

बाटल्या ओतल्या त्या दिवशी दीर भर बाजारात ओरडले, "पानी चांगलं हाय, हिच्याच हाताला घान वास मारतोय!" रोशनबीने माझ्याकडे पाहिले. थोरल्या दिरांसमोर मी कधी बोलले नव्हते. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली पाहिले. त्यानंतर गावात तिला कोणी भांड्याला हात लावू दिला नाही. ती सोनईला जाऊन राहिली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, घराचे सांगितले. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"घर नको मला. बाजारात बोल. जित्ती हायेस तवर बोल."

मागच्या बाजारी मी वैजनाथच्या दुकानासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "वास पाण्याला होता. रोशनबीच्या हाताला नव्हता. मला ठाऊक होतं, मी गप्प बसले." वैजनाथने दुकानातल्या गाण्यांचा आवाज वाढवला. मी तीनदा म्हणाले. काहींनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. काहींनी मोबाईल वर धरले.

रोशनबीला कोणीतरी ते मोबाईलवर दाखवले असावे. काल तिचा फोन आला. म्हणाली, "पदर न्हवता डोक्यावर." एवढेच, आणि ठेवला.

घराला तिने अजून होकार दिलेला नाही. तरी घर तिचेच.

येथवर मी लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: चांगुणा सूर्यभान बऱ्हाटे

साक्षीदार:
१. सहादेव गंगाधर येळवंडे (सही)
२. पुष्पावती रामनाथ कदम (सही)

ठिकाण: घोडेगाव
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५