सातवं वाक्य

प्रिय एडविनसाहेब,

तुम्हाला ‘साहेब’ म्हटलेलं आवडत नसे. पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दरवाज्यात मला थांबवून तुम्ही म्हणाला होतात, “मिलिंद, माझा बाप गोदीत पोती उचलायचा. मला साहेब म्हणू नका.” पण आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. तेव्हाही मी ऐकलं नाही. आता तर अडवायला तुम्ही नाहीत.

तुमच्या लेकीची, हेलनची मेल येऊन आज चार दिवस झाले. तुम्ही गेलात, हे तिनं पहिल्याच ओळीत लिहिलंय. ती मेल मी तीनदा वाचली. इंग्रजी कळलं नाही म्हणून नव्हे. दहावी नापास असलो तरी इंग्रजी मी एकट्यानं, कानानं शिकलोय, हे तुम्हाला माहीत आहे.

येत्या शनिवारी तुमच्या जुन्या नाटकघरात सगळे जमणार आहेत म्हणे. तिथं पडद्यावर तुमच्या शेवटच्या सिनेमातला शेवटचा प्रसंग दाखवणार. नळदुर्गच्या बुरुजाखाली उभे राहून तुम्ही गावकऱ्यांशी मराठीत बोलता, तो. त्या नऊ वाक्यांचा अर्थ हेलनला इंग्रजीत हवाय, कागदावर छापून वाटायला. “बाबांचा शेवटचा आवाज,” असं तिनं लिहिलंय.

तिच्या मेलमध्ये दोन चुका आहेत. तुम्ही नळदुर्गात वीस दिवस होतात, असं ती म्हणते. सोळा दिवस होतात. माझ्याकडं लिहून ठेवलंय.

दुसरी चूक तिची नाही, माझी आहे. तो आवाज तुमचा नाही, साहेब. तो माझा आहे.

हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? फोन नव्हता का? पत्ता नव्हता का? सगळं होतं!

माझा धंदा तुम्ही पाहिलाय. कर्णे, माइक, मशीन. जत्रा असो, जयंती असो, लग्न असो, नळदुर्ग ते तामलवाडीपर्यंत निवेदन माझं. माइकवर एखाद्या पाहुण्याचं नाव राहून गेलं तर तो माणूस जेवायला न बसता उठून जातो आणि दोन भावक्या वर्षभर एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. म्हणून कार्यक्रम संपला की कर्णे उतरवायच्या आधी मी वही काढतो आणि आज कुठं चुकलो ते लिहितो. कुणी शिकवलेलं नाही. माझा मास्तर म्हणजे ती चुकांची वही. अशा अकरा वह्या भरल्या माझ्या. बारावी तुमच्या नावानं काढली.

तुम्हाला मराठी वाक्यं शिकवायला सिनेमावाल्यांनी मला नेमलं, तेव्हा मला वाटलं, हा कुणी बंगल्यात वाढलेला माणूस असणार. आणि तुम्ही निघालात माझ्यासारखे! चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. नाटकघरात पडदा ओढायची नोकरी. गोदीतली बोली तोंडातून जाईना म्हणून पाण्याकडं तोंड करून तुम्ही बोलत बसायचात, आणि जहाजाचा भोंगा वाजला की त्याच्यावर आवाज चढवायचात. पहिल्या नाटकात एकच वाक्य होतं तुम्हाला, घोडे तयार असल्याचं. “ते एक वाक्य मी चार महिने घासलं,” तुम्ही सांगितलंत. मी लगेच वहीत टिपलं. अशी माणसं मला पटतात.

पुढं तीस वर्षं गावोगाव नाटकं. मग सिनेमे. न्यायाधीश, पाद्री, कर्नल. “ज्यांच्यापुढं माझ्या बापाला टोपी काढावी लागायची, आयुष्यभर त्यांचीच कामं केली मी,” असं म्हणून तुम्ही हसला होतात. आणि त्यातली बहुतेक माणसं मध्यंतराच्या आत मारली जायची! “एकोणीस वेळा मेलोय. मरायचा मला चांगला सराव आहे.”

आपल्या सिनेमात तुम्ही पटकीच्या साथीत इथंच राहून गेलेला म्हातारा डॉक्टर होतात. शेवटी नऊ वाक्यं. सातवं होतं: “माझं नाव विसरलात तरी चालेल, पण पाणी उकळायला विसरू नका.”

रोज सकाळी हायवेवरच्या मल्लप्पाअण्णांच्या ढाब्यावर आपण बसायचो. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत तुम्ही एकेक वाक्य म्हणायचात. सहाव्या पेरापर्यंत झक्क. सातव्यावर अंगठा अधांतरी थांबायचा. तुम्ही हायवेकडं बघत राहायचात, ट्रकच्या मागं लिहिलेलं वाचत असल्यासारखे. मी फोनवर सगळं ध्वनिमुद्रित करायचो आणि वहीत फुली मारायचो.

मल्लप्पाअण्णा एकदा चिडले. “ह्यांला किती छळतो रं माइकवाल्या? म्हातारं माणूस हाय. एक वाक्य गिळलं तर काय किल्ला पडतोय?”

मी म्हणालो, “अण्णा, भजी जळली तर गिऱ्हाईक परत येतंय का?”

“जळली तर मी खातो. तू काय ह्याचं वाक्य खातो का?”

तुम्ही विचारलंत, अण्णा काय म्हणाले? मी सांगितलं, तुमचं कौतुक करतायत. साहेब, अण्णांचं म्हणणं खरं झालं.

नवव्या दिवशी सहाव्या वाक्यानंतर तुम्ही थांबलात आणि मला विचारलंत, “मिलिंद, माझं नाव काय?” मला वाटलं, पात्राचं नाव विचारताय. मी सांगितलं, डॉक्टर हॉल. “हो, बरोबर,” म्हणालात आणि किती तरी वेळ चहाच्या ग्लासाकडं बघत बसलात. मी वहीत लिहिलं: ‘पात्राचं नाव विसरले.’ तुम्ही नक्की कुणाचं नाव विचारलं होतंत? हे आता मला कोण सांगणार?

मग तुम्ही वहीवर हात ठेवलात. “ही तुमच्या-माझ्यातच राहू द्या. एवढं एक काम मला पुरं करायचंय.” मी मान हलवली. बुद्धापुढं शब्द दिल्यासारखी हलवली.

तो शब्द चार दिवस टिकला.

तेराव्या दिवशी त्या प्रसंगाचं चित्रीकरण होतं. दीडशे गावकरी बुरुजाखाली उन्हात बसलेले. सातव्या वाक्यावर तुम्ही थांबलात. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबलात. अकरा वेळा. बारक्या पोरांनाही ते वाक्य पाठ झालं, ती ओरडून तुम्हाला सांगायला लागली आणि लोक हसले. तुम्हीही हसलात. टोपी काढून त्या पोरांना तुम्ही लवून नमस्कार केलात, ते मला अजून दिसतं.

दिग्दर्शकाच्या हाताखालच्या मृणाल मॅडम माझ्याजवळ आल्या. चारचौघांत म्हणाल्या, “मिलिंदजी, शिकवण्यात काहीतरी राहिलंय का?”

शिकवण्यात? माझ्या शिकवण्यात? साहेब, मला ते सोसलं नाही. बावीस वर्षं माइकवर काढली, कुणी असं म्हटलं नव्हतं. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्या हातात दिली. “बघा. शेहेचाळीस वेळा म्हणून घेतलंय. तारीखवार आहे. राहिलं असेल तर माझ्याकडून राहिलेलं नाही.”

त्यांनी पानं उलटली. फुल्या पाहिल्या. मग खाली बोट ठेवून वाचलं, ‘पात्राचं नाव विसरले.’ त्यांचा चेहरा बदलला. रागानं नव्हे, तो बदलला तेव्हा त्यात दया होती. ती दया तुमच्या वाट्याला मी आणली.

त्यानंतर कुणी तुम्हाला चूक दाखवली नाही. काहीही बोला, सगळे टाळ्या वाजवत. “छान झालं, सर!” तुम्ही माझ्याजवळ आलात. अण्णा मला चिडवताना म्हणायचे तो शब्द उचलून विचारलंत, “जमलं ना, मास्तर?”

मी म्हणालो, “जमलं.”

महिन्याभरानं तुमच्या वाक्यांवर आवाज चढवायला मला पुण्याला बोलावलं. मॅडम म्हणाल्या, तुमचा आवाज जाड आहे, थोडा म्हातारा करा. दोन तासांत नऊ वाक्यं झाली. सातवं पहिल्याच झटक्यात. तुम्ही कुठं दम घेता, कुठला शब्द दातांत धरता, कुठं आवाज खाली सोडता, सगळं मला पाठ होतं. चोरी इतक्या बारकाईनं कुणी केली नसेल. आणि मला काय वाटत होतं, सांगू? अभिमान! सिनेमा आल्यावर एसटी स्टँडवर फोन काढून मी लोकांना तो प्रसंग दाखवायचो. “डोळे मिटून ऐका. सांगा कुणाचा आवाज?” लोक पाठीवर थाप मारायचे.

पन्नास वर्षं भोंग्यावर चढवून घडवलेला तुमचा आवाज त्या प्रसंगात कुठंच नव्हता, हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

आता हेलनच्या मेलमधला शेवटचा परिच्छेद. तो मी तीन दिवस माझ्या बायकोला, सविताला वाचून दाखवला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही वृद्धाश्रमात असताना हेलननं तुम्हाला तो सिनेमा लावून दिला. तो प्रसंग आला तसे तुम्ही पलंगाच्या दांडीवर हात आपटायला लागलात. “हा माझा आवाज नाही. माझ्या तोंडातून दुसराच कुणीतरी बोलतोय.” नर्स आल्या, डॉक्टर आले. हेलन तुमचा हात धरून सांगत राहिली, बाबा, तुम्हीच आहात ते. तुम्हाला बरं वाटेल म्हणून तिनं पुढंही दोन-चारदा तोच प्रसंग लावला. दर वेळी तेच. शेवटी औषध वाढवलं. ती लिहिते, ‘अखेरीला बाबांना स्वतःचा आवाजही ओळखू येत नव्हता.’

ओळखू येत होता, साहेब! त्या खोलीत फक्त तुम्हालाच ओळखू येत होता. बाकी सगळं सुटलं, माणसं सुटली, नावं सुटली, पण आवाज तुम्ही सोडला नव्हता. आणि सगळ्यांनी मिळून तुम्हाला खोटं पाडलं. शेवटचं जे तुम्ही बरोबर बोललात, त्याला आजार ठरवलं. असं कुणी वैऱ्याशीही करू नये.

काल सविताला सगळं सांगितलं. तिनं बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं तुमच्यासाठी मेणबत्ती लावली. तशीच बसून म्हणाली, “आता काय करताव?”

मी म्हणालो, त्यांना पत्र लिहितो.

“मेलेल्या माणसाला पत्र लिहून काय व्हतंय? जित्या लेकीला लिवा की!”

“लिहीन. पण शनिवारी त्यांचा कार्यक्रम आहे. आधीच दुःखात आहे ती. तिला वाटेल, आपण बापाला…”

“वाटंल न्हाय तर काय! पण त्या दिवशी तिच्या बापाच्या तोंडातून तुमी बोलणार. ते चालंल व्हय तुमाला?”

मी उठलो. पत्र्याच्या पेटीतून जुना फोन काढला. काच फुटलेली आहे, पण चार्जिंगला लावल्यावर चालू झाला. शेहेचाळीस ध्वनिमुद्रणं, सगळी क्रमांक घालून ठेवलेली. पहिल्यापासून लावत गेलो. तुमचा घसा खाकरणं, अण्णांच्या ताटांचा आवाज, ट्रकचे हॉर्न. सहा वाक्यं आणि शांतता. पुन्हा सहा वाक्यं आणि शांतता.

एकतिसाव्यात तुम्ही थांबला नाहीत.

नऊच्या नऊ वाक्यं, साहेब. सातवंही. काय म्हटलंयत तुम्ही ते! माझं पुण्यातलं त्याच्यापुढं माकडाची नक्कल वाटतं. नववं संपल्यावर अण्णांनी मागून “वा रे वाघा!” म्हटलंय. आणि लगेच माझा आवाज आहे: “सहाव्यात श्वास लांबला. परत.”

वही उघडून पाहिली. ‘३१. वाक्य ६, श्वास लांबला.’ पुढं फुली. सातवं आलं होतं, त्याची नोंदच नाही. बरोबर आलेलं लिहायची माझी पद्धत नाही, त्या वहीत फक्त चुका असतात. त्या परतनंतर पुढच्या पंधरा वेळांत तुम्हाला ते एकदाही आलं नाही. जे सगळे शोधत होते ते माझ्या पेटीत पडून होतं, आणि मी त्याला नापास केलं होतं. मला शाळेनं केलं त्याच्याहून वाईट.

मी माफी मागत नाही. ती द्यायला तुम्ही नाहीत, आणि दुसऱ्या कुणाकडून घ्यायची माझी इच्छा नाही.

पण शब्द देतो. मागचा चार दिवस टिकला, हा टिकवीन. हे पत्र संपवून मी हेलनला लिहायला बसतोय. त्या नऊ वाक्यांचा अर्थ पाठवीन, आणि एकतिसावं ध्वनिमुद्रण पाठवीन. जसंच्या तसं. हॉर्न काढणार नाही, अण्णांची ताटं काढणार नाही, माझं ते ‘परत’ही कापणार नाही. ते तिनं ऐकलंच पाहिजे. मी तुमची वही कुणाला दिली आणि का दिली, तेही लिहीन. शनिवारी काय लावायचं ते ती ठरवेल. तिनं मला शिव्या दिल्या तर त्याही वाचीन. आणि ज्या स्टँडवर मी मिरवलो, तिथं माझ्याच माइकवर उभा राहून हेच सांगेन.

तिच्या पत्राचं पहिलं वाक्य मी घासून ठेवलंय. चार महिने नाहीत, चार दिवसच मिळाले. ते असं आहे: ‘हेलन, तुझे वडील खरं सांगत होते.’

तुमची वही बंद केली आहे.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद माइकवाला
नळदुर्ग