सैन्याची धून लागेल तेव्हा

वसतिगृह, ६ एप्रिल १९७६
प्रिय लेलंडदादास, सा. न. वि. वि.

देशाच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षानिमित्त शनिवारी विद्यापीठात आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. सगळी फुंकून वाजवायची वाद्यं. माझं अर्थातच कॉर्नेट, तू शिकवलेलं. शेवटी सैन्य, नौदल अशा एकेका दलाची धून वाजेल आणि ज्याने त्या दलात नोकरी केली तो जागेवर उभा राहील. तू आईला घेऊन ये, आणि सैन्याच्या धुनेला उभा राहा. सैन्यातून परत आल्यापासून तू कॉर्नेटची पेटी उघडली नाहीस, घरात धड बोलत नाहीस. मला काळजी वाटते रे.

येताना आईच्या हातचा चेरीचा केक आण. इथलं जेवण कुत्रंही हुंगणार नाही. लोभ आहेच, या खेपेला तो येऊन दाखव.

तुझी नोरीन

घर, ८ एप्रिल
चि. नोरीनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईनेच आधी फोडलं, नेहमीप्रमाणे. आम्ही येऊ. पण उभं राहायचं सांगू नकोस. ते लढलेल्यांनी राहावं. मी लष्करी बँडातला. एक गोळी झाडली नाही. इथेच देशात राहून, युद्धावरून परत आलेल्या पोरांच्या शवपेट्यांपुढे निरोपाची धून वाजवत हिंडलो. कुठल्या तोंडाने टाळ्या घेऊ? आई म्हणते, धडधाकट राहिलास याचे आभार मान. मला नेमकं तेच सोसत नाही.

वरच्या सुरांना घाई करतेस, तेवढी सवय सोड. रागावू नकोस, माया ठेव.

लेलंड

वसतिगृह, ११ एप्रिल
प्रिय दादास, सा. न. वि. वि.

न भेटताच पळालात! केक दाराशी मिळाला. सैन्याची धून लागली तेव्हा माझी नजर तुमच्याच रांगेवर होती. तू मान खाली घालून बसलेला, आणि उभी आई! शाळेच्या खानावळीत वाढणारी आपली आई. लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मग तूही उठलास. काय झालं ते लिही, माझा जीव टांगणीला लागलाय.

नोरीन

घर, १३ एप्रिल
चि. नोरीनास अनेक आशीर्वाद.

आईला खाली बसवायला उठलो, दुसरं काही नाही. दंड धरून म्हटलं, बस, ही तुझी धून नाही. तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, त्या पोरांच्या आयांसमोर तू उभा राहिलास ना, मग इथेही राहा. नाहीतर त्यांच्या वतीने मी उभी आहे. ती बसेना. मग मलाही बसवेना. बाहेर आल्यावर रडू आवरेना, म्हणून तुला तोंड न दाखवता निघालो.

काल पेटी उघडली. कुठलीही धून धरली की चार सुरांत तीच निरोपाची होते. आई भांडी घासता घासता थांबली.

सुट्टी लागली की थेट घरी ये. तुला मी शिकवलं होतं. आता तू मला दुसरं काहीतरी शिकव.

तुझ्या मायेची गरज असलेला,
लेलंड