दोन बोटं कमी

वाशीम, शनिवार, १२ मार्च १९५५

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव रहीमचाचा लोहार परिघापेक्षा दोन बोटं कमी कापतात. परवा मी चारचौघांत त्यांना अडवलं. व्यास गुणिले बावीस सप्तमांश, पायची किंमत कुणासाठी बदलत नाही, असं सुनावलं.

"गुरुजी, तापवून चढवतो. कमी असली तरच थंड झाल्यावर चाकाले आवळते."

तरी माझा मान राखून माझ्या मापानं कापली. आज अनसिंगच्या वाटेवर ती निसटली. गाडीवाला दुकानात येऊन ओरडला, "चाचा, नजर गेली तुमची! आता घरी बसा."

मी तिथेच होतो. चाचांनी माझं नाव घेतलं नाही. मी तरी का नाही घेतलं? फक्त दोन बोटं...

घरी येऊन गुणाकार पुन्हा केला. उत्तर बरोबरच आलं.