क्लिफर्डचा उरलेला शब्द

म्यूकर, यॉर्कशायर
३ सप्टेंबर १९७४

ती. एथेलवन्सं यांस,
हिल्डाचा सा. न. वि. वि.

तुमच्या भावाची तब्येत तशीच आहे. अर्धांगाच्या झटक्यानं सगळी भाषा नेली, मागे ठेवला एक शब्द, 'राइट'. चहा आवडला, राइट. उठायचंय, राइट. मेंढ्या वळायला मॉस कुत्र्याला डोंगरावर धाडायचं, तरी तेच. शेजारचा पर्सी फुशारक्या मारून गेला की ह्यांचं लांबलचक 'राऽइट' ऐकावं, शिवी बरी. मला एकेक सूर कळतो, म्हणून भांडणंही पूर्वीसारखीच होतात.

पण वन्सं, माझे गुडघे गेलेत. बर्फात मेंढ्यांना गवत कोण नेणार? ऑक्टोबरच्या बाजारात सगळा कळप विकायचं ठरवलंय. ह्यांना विचारलं, राइट म्हणाले. आता जिवाला घोर नको.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची हिल्डा

हल शहर, ९ सप्टेंबर

चि. सौ. हिल्डा हिस अनेक आशीर्वाद.

एकेक सूर कळतो म्हणतेस, मग ह्या वेळचा कोणता होता ते बरं लिहिलं नाहीस? तू चुलीकडे तोंड करून, लापशी ढवळत विचारलं असणार. मी ओळखते तुला.

तो कळप आमच्या आजोबांपासूनचा. विकायचा तर वीक, मी इथे बसून तुझे गुडघे चालवू शकत नाही. पण क्लिफर्डला लिलावाच्या रिंगणात ने. धन्यानं मान डोलवल्याशिवाय लिलाववाला हातोडा टाकत नाही. त्याचा तेवढा मान राहू दे.

रागावलीस तरी पत्र धाड.
एथेल

म्यूकर, १४ ऑक्टोबर

ती. एथेलवन्सं यांस सा. न. वि. वि.

नेलं त्यांना. वाटेत भेटेल त्याला राइट, राइट. पर्सीनं खुर्ची धरून रिंगणात बसवलं. भाव चांगला चढला. लिलाववाल्यानं खाली वाकून, हळू आवाजात विचारलं, क्लिफ, देऊ का म्हणून.

ह्यांनी ओठ मिटून घेतले. मानही हलवली नाही. दिवसभर ज्याला त्याला वाटलेला तो शब्द तिथे मात्र दिला नाही. शेवटी लिलाववाल्यानं हातोडा न आपटताच खाली ठेवला, धन्याची मर्जी नाही म्हणाला, आणि मेंढ्या बाहेर काढल्या.

मी फार चिडले, वन्सं. दोन दिवस बोललेच नाही. एकटीच्या जिवावर का हे सगळं, असं वाटून गोठ्यात जाऊन रडलेसुद्धा. काल सकाळी बघते तर हे भिंतीला टेकत फाटकापर्यंत गेलेले. एका हातानं गवताची पेंढी ओढत होते, निम्मं गवत वाटेत सांडलेलं. मी मागून गेले आणि दुसरं टोक धरलं.

हिवाळा निभेल की नाही, मला सांगता येत नाही. ख्रिसमसच्या आधीच या आणि लवकर जाऊ नका. येताना माझ्या मापाचे गमबूट आणा, इथल्या दुकानात पुरुषांचेच मिळतात.

वाट बघतोय दोघं.
हिल्डा